हेराल्डचं मागचं बूड खाली घ्यायचं आहे, घाटात मागून सरकते

संत्राबाग
राम राम मंडळी. चांदूर बाजार तालुक्यातून लिहितो आहे. गाडी स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, १९७० ची, चार दारांची, ९४८ सीसी. परतवाड्याच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. इंजिन, गिअर ठणठणीत. अडचण मागच्या अंगाची आहे.

रिकामी गाडी मागून पाहिली तर बूड वर, आणि दोन्ही चाकं खालून आत, वरून बाहेर झुकलेली. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पण चिखलदऱ्याहून घटांगच्या बाजूनं उतरताना एका डाव्या वळणावर समोर गुरं आली. एक्सेलेटर सोडून ब्रेकवर पाय ठेवला तसा मागचा भाग वर उचलला गेला आणि सपकन उजवीकडे सरकला. रस्ता कोरडा, वेग चाळीसच्या आतबाहेर. बाजूला मोकळी जागा होती म्हणून निभावलं. घरची मंडळी आता या गाडीतून घाटात यायला तयार नाहीत.

इथला मिस्त्री म्हणतो, पाट्याला (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला) गॅसचा जाळ मारून दोन इंच बसवून देतो. दुसरा म्हणतो, मागे आडवा रॉड टाका. कोणाचं ऐकू? गाडी खाली घेतल्यानं हे थांबेल का? आणि किती खाली?

बहिरमबुवा
काऊन बाप्पा? आमच्या पांदनीत जीप बी टेकते अन् तुमी हेराल्ड खाली घेऊन राह्यले!

संत्राबाग
बुवा, पांदणीत न्यायला ट्रॅक्टर आहे. ही गाडी परतवाडा, अमरावती, कधी चिखलदरा एवढीच फिरते.

पद्मिनी_१९८२
भाऊ, सोपं आहे. मागे जाड स्टॅबिलायझर रॉड टाका, पाटे एक इंच बसवा, रुंद टायर घाला. माझ्या पद्मिनीला मागे रॉड टाकल्यापासून वळणावर झुकणं निम्मं झालं. अकोल्यात कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये होतं हे काम.

पाटेवाला_वाडी
आधी पाट्याचा फोटो टाका भाऊ. मागच्या सीटच्या पाठीमागे झाकण आहे, ते खोला म्हणजे वरून पाटा दिसेल. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, गॅसचा जाळ कोणालाही मारू देऊ नका. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं आणि मग ठरावीक तापमानाला परत तापवून लवचिक केलेलं असतं. जाळ लागला की तेवढ्या जागेचा तो गुण गेला. त्या दिवशी गाडी छान बसलेली दिसते, महिन्याभरात एका बाजूला कलते, आणि मग पाटा नेमका जाळाच्या जागी तुटतो. ट्रकचा पाटा तुटला तर बाकीचे दहा पाटे सांभाळून घेतात. हेराल्डला मागे एकच आडवा जुडगा आहे, दोन्ही चाकं त्याच्यावर.

अमरावतीची_मास्तरीण
पद्मिनीवाल्या दादांचा सल्ला पद्मिनीपुरता बरोबर आहे, हेराल्डला तो उलटा पडेल. थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

पद्मिनी, अँबॅसिडर, जीप यांना मागे अखंड एक्सल असतो. गाडी वर गेली काय, खाली गेली काय, दोन्ही चाकं रस्त्याला काटकोनातच राहतात. हेराल्डला तसं नाही. डिफ्रन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारी पेटी, चासीला पक्कं बांधलेलं आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक क्रॉस, म्हणजे वळणारा सांधा, आणि तिथून निघालेला अर्धा एक्सल. चाक त्या अर्ध्या एक्सलला काटकोनात बसवलेलं. बाहेरच्या टोकाला सांधा नाही. म्हणजे एक्सल क्रॉसभोवती वरखाली झाला की चाकही तेवढंच तिरकं होणार. आडवा पाटा डिफ्रन्शियलच्या डोक्यावर बसतो आणि त्याची टोकं चाकांजवळच्या उभ्या कड्यांना जोडलेली असतात. चाक पुढेमागे होऊ नये म्हणून दोन्हीकडे एकेक रेडियस आर्म. यालाच स्विंग एक्सल म्हणतात.

गाडी भरली, बूड दबलं, की चाकं वरून आत येतात. हे चालतं, फार तर टायर आतल्या कडेनं झिजतो. बूड वर उचललं गेलं की चाकं खालून आत येतात, आणि खरा धोका इथे आहे. वळणावर बाहेरच्या चाकावर रस्ता आडवा जोर लावतो. चाक आधीच खालून आत असेल तर तो जोर क्रॉसच्या खालून जातो आणि गाडीला वर ढकलतो. गाडी वर गेली की चाक अजून आत, तसा जोर अजून वर. शेवटी टायर कडेवर उभा राहतो, पकड जाते आणि मागचा भाग निसटतो.

तुमच्या घाटात काय झालं ते यातून कळेल. उतार होता, त्यात एक्सेलेटर सोडला, ब्रेक लावला. सगळं वजन पुढे गेलं, मागचं अंग हलकं होऊन वर आलं. बूड आधीच उंच होतं, त्यात वळण. म्हणून चाळीसलासुद्धा सरकली.

आता मागचा रॉड. स्टॅबिलायझर रॉड ज्या टोकाला टाकाल त्या टोकाचं झुकणं तो अडवतो, पण त्या बदल्यात त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार टाकतो. हेराल्डच्या मागच्या बाहेरच्या चाकावर आणखी भार म्हणजे तेच उचलणं आणखी लवकर. रॉड जाड करायचाच असेल तर पुढचा करा. तो गाडीत मुळातच आहे.

पद्मिनी_१९८२
ताई, हे माहीत नव्हतं. माझा रॉडचा सल्ला मागे घेतो. पण मग गाडी खाली घेणं बरोबर की नाही?

अमरावतीची_मास्तरीण
बरोबर, पण मोजून. आणि दिसण्यासाठी नाही, चाक सरळ करण्यासाठी.

हिशेब असा. हेराल्डची मागची दोन चाकं ४८ इंचांवर आहेत. अर्धं केलं आणि मधला डिफ्रन्शियलचा भाग वजा केला की क्रॉसपासून चाकाच्या मध्यापर्यंत ढोबळमानानं अर्धा मीटर उरतो. म्हणून गाडी एक इंच खाली घेतली की चाकाचा कल जवळपास तीन अंशांनी बदलतो. इतर गाड्यांत एक इंच म्हणजे किरकोळ, इथे एक इंच म्हणजे पुष्कळ. दोन इंच डोळे मिटून खाली घेतलंत तर पाच माणसं बसल्यावर चाकं वरून इतकी आत जातील की टायर आतून उघडे पडतील आणि प्रत्येक गतिरोधकावर बम्प रबर, म्हणजे चाक फार वर आलं की अडवणारं रबर, आपटेल.

चालक आणि शेजारी एक माणूस, टाकी भरलेली, अशा वेळी चाक उभं किंवा वरून अर्धा-एक अंश आत. आपल्या रस्त्यांना एवढं पुरे. शर्यतीत पळवणारे जास्त ठेवतात, त्यांना चार माणसं आणि संत्र्यांचे क्रेट न्यायचे नसतात.

संत्राबाग
ताई, अंश कशानं मोजू? इथे अलाइनमेंटच्या मशीनवर हेराल्डचं नावच नाही.

अमरावतीची_मास्तरीण
गवंड्याचा ओळंबा आणा. जमीन सपाट हवी, घराची फरशी चालेल. चाकाच्या बरोबर मध्यावरून दोरा जाईल असा ओळंबा रिमच्या वरच्या कडेला टेकवून सोडा. टायरवर टेकवू नका, टायर खाली फुगलेला असतो. दोरा वर टेकला आणि खाली रिमपासून लांब राहिला तर चाक वरून बाहेर. खाली टेकून वर फट राहिली तर वरून आत. १३ इंची रिमच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण साडेतीनशे मिलिमीटर भरतात, म्हणून सहा मिलिमीटर फट म्हणजे एक अंश धरा.

एक पथ्य पाळा. जॅक लावून काढला असेल तर लगेच मोजू नका. चाकं लोंबताना आत आलेली असतात आणि टायरची जमिनीवरची पकड त्यांना तशीच धरून ठेवते. गाडी हातानं दहा-बारा फूट पुढेमागे ढकला, बूड दोनदा दाबा, मग मोजा.

संत्राबाग
मोजलं. दोरा दोन्हीकडे वरच टेकतो. डावीकडे खाली फट २० मिलिमीटर, उजवीकडे १८. समोर मी आणि मुलगा बसलेलो, बायकोनं फूटपट्टी धरली.

झाकण खोलून पाट्याचा फोटो टाकला आहे. वरचा एक पाटा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, रंगही वेगळा आहे.

पाटेवाला_वाडी
फोटो पाहिला. तो पाटा हेराल्डचा नाहीच. कोणीतरी ट्रकच्या किंवा टेम्पोच्या पाट्यातून कापून जास्तीचा घातला आहे. जाडी बघा, टोकं गॅसनं कापलेली आहेत, गोलाई दिलेली नाही. खालच्या पाट्यांनाही ठोकून जास्त कमान दिलेली दिसते.

आपल्याकडे पाटेवाल्याकडं कोणीही आलं की एकच तक्रार असते, गाडी बसली. त्यामुळे हात सवयीनं चढवायलाच जातो. ट्रकला ते ठीक आहे. या गाडीला चढवून दिलं म्हणजे चाकं वाकडी करून दिली. तीन अंशांहून जास्त बाहेर हे कंपनीचं काम नाही, नंतरच्या हाताचं आहे.

पाट्याच्या टोकाखाली छोटी रबरी बटणं असतात, ती आहेत का पाहा. नसतील तर पाटे एकमेकांवर अडकत-अडकत सरकतात आणि गाडी जिथं थांबेल तिथंच वर राहते.

संत्राबाग
बटणं नाहीत. एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे!

मूळचा_वरुडचा
डोंबिवलीहून हजेरी. माझ्याकडेही हेराल्ड आहे, मार्क टू. शॉकअप कोणते आहेत ते पाहिलं का? या गाडीत चाक किती खाली लोंबावं हे शॉकअपच ठरवतो. तो पूर्ण उघडला की चाक थांबतं, दुसरा अडसर नाही. मूळ शॉकअप मिळत नाहीत म्हणून लोक भलत्याच गाडीचे लांब शॉकअप बसवतात. डोळे जुळले, बोल्ट बसला, झालं काम! मग वळणावर चाकाला आत वळायला मोकळं रान.

माझ्याकडे मूळ जुने शॉकअप पडून आहेत, तेल गेलेलं आहे पण लांबी पाहायला कामाचे. वरुडला भावाकडे पाठवतो, तिथून घेऊन जा.

संत्राबाग
वरुडहून आणले. माझ्या गाडीतले पूर्ण उघडल्यावर जवळपास दोन इंच जास्त लांब आहेत. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले शहरातल्या एका गॅरेजनं “नवीन, हेवी ड्युटी” म्हणून घातले होते.

अमरावतीची_मास्तरीण
म्हणजे तुमचा निम्मा आजार सापडला. दोन इंच जास्त लोंबणं म्हणजे चाक आणखी पाच-सहा अंश आत वळायला मोकळं.

क्रम असा ठेवा. आधी क्रॉस, हबचं बेअरिंग, रेडियस आर्मची बुशं, उभ्या कड्याच्या खालचं बुश. यांत खेळ असेल तर वरचं कुठलंच माप खरं येणार नाही. मग जास्तीचा पाटा काढून बटणं घाला. मग योग्य लांबीचे शॉकअप. हे झाल्यावर परत ओळंबा लावा, आणि तरीही चाक वरून बाहेर असेल तरच ब्लॉक.

बहिरमबुवा
ताई, त्यो ब्लॉक का चीज आहे? लाकडाचा?

लेथवाली_पुलगाव
लाकडाचा नको बुवा! मी सांगते, असे ब्लॉक करून दिलेले आहेत.

पाटा डिफ्रन्शियलच्या डोक्यावर बसतो ना, त्या दोघांच्या मधे सपाट ठोकळा घालायचा. पाट्याची टोकं चाकांनी धरलेली, म्हणजे पाट्याची उंची तीच राहणार. मधे ठोकळा आला की डिफ्रन्शियल आणि त्याच्यासोबत गाडी तेवढी खाली जाणार. पाट्याला हात न लावता उंची कमी होते, आणि नको वाटलं तर ठोकळा काढून गाडी परत होती तशी.

ठोकळा चांगल्या मिश्रधातूच्या अॅल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा, पाट्याची बैठक जेवढी आहे तेवढाच लांब-रुंद. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत, मिलिंगवर काढा. ग्राइंडरनं घासून आणलेला ठोकळा पाहिला आहे मी, एका टोकाला दीड मिलिमीटर कमी. गाडी एका बाजूला कलली आणि मालक पाटेवाल्याशी भांडत बसला.

ठोकळा घातला की पाटा धरणारे स्टड तेवढेच लांब लागतात. जुन्याच स्टडवर दोन आटे पकडून नट आवळू नका. बाजारातला आटेवाला रॉड कापून घालू नका, तो मऊ असतो. किमान ८.८ ग्रेडचं मटेरियल घेऊन लेथवर स्टड काढून घ्या. गाडी ब्रिटिश घराण्यातली आहे, आटे इंची आहेत. मिलिमीटरचा स्टड दोन फेरे जातो, मग अडतो, आणि मिस्त्री लांब पाना लावून “बसवतो”. डिफ्रन्शियलच्या घरातले आटे गेले तर ते काम मग माझ्याकडेच येतं.

मूळचा_वरुडचा
दुसरा रस्ताही आहे. १९७० च्या शेवटी ट्रायम्फनं, म्हणजे हेराल्डच्या मूळ इंग्रज कंपनीनं, आपल्या स्पिटफायर मार्क फोर गाडीला नवीन आडवा पाटा दिला. मूळ मांडणीत सगळा जुडगा डिफ्रन्शियलवर घट्ट आवळलेला असतो. नव्यात एकच पाटा घट्ट, बाकीचे मधल्या खिळीवर झुलतात. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर सगळे पाटे काम करतात, गाडी कलली तर बरेचसे नुसते झुलतात. त्यामुळे वळणावर मागचं बाहेरचं चाक गाडीला वर ढकलत नाही. मागचं कलणं अडवायची ताकद कमी झाली म्हणून कंपनीनं पुढचा रॉड जाड केला. इंग्लंडातले हेराल्डवाले हा पाटा आपल्या गाड्यांना बसवतात. मागवता येतो, पण आडव्या पाट्याचं वजन आणि कस्टम धरलं तर माझ्या खिशाला जमलं नाही.

याच रोगावर इतरांनी वेगळे उपाय केले. अमेरिकेत शेवरोलेटनं आपल्या स्विंग एक्सलच्या कॉर्व्हेअरला १९६४ च्या मॉडेलपासून मागे आडवा पाटा दिला. त्याआधीच्या कॉर्व्हेअरना हवाच अशी सांगितलेली होती की पुढे १५ पौंड आणि मागे २६. पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखी भरायचा आणि गाडी बिघडायची.

पद्मिनी_१९८२
मग गझेलचा एक्सलच का नको? १९७२ मधे स्टँडर्डनं गझेल काढली तेव्हा मागे अखंड एक्सल दिला. आपल्याकडच्या मिस्त्रींना आणि गिऱ्हाइकांना स्विंग एक्सल पटला नाही म्हणूनच ना? तो मिळाला तर कटकटच संपली.

नियमावर_बोट
संपणार नाही, सुरू होईल. गझेलचा एक्सल बसवायचा तर चासीवर नवीन पकडी वेल्ड कराव्या लागतील. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ पाहा. नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ मांडणीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं.

शिवाय जुलै २०२१ पासून केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती त्यात बसत नाही. नव्यानं नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण व्हिंटेज म्हणून नोंदवली की रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. संत्राबागवाल्यांनी ती वाट धरायची की नेहमीचं नूतनीकरण करत राहायचं, हे त्यांनी ठरवावं. कुठलीही वाट धरली तरी चासीला कटर आणि वेल्डिंग लावू नये. नट-बोल्टनं बसणारं, परत काढता येणारं काम करा आणि जुना सगळा माल जपून ठेवा.

बहिरमबुवा
मंग त्यो ब्लॉक बी बदलच झाला नं साहेब?

नियमावर_बोट
काटेकोरपणे पाहिलं तर हो, म्हणून तो शेवटी. पाटा, शॉकअप, बुश मूळ मापावर आणणं ही दुरुस्ती आहे, तिला कोणाचीच हरकत नाही. तेवढ्यानं भागलं तर उत्तम. ब्लॉक घातलाच तर आरटीओत आधी विचारून घ्या.

पाटेवाला_वाडी
संत्राबाग भाऊ, पाटा घरी काढू नका. काढणारच असाल तर नीट ऐका. गाडी चासीखाली स्टँड देऊन उभी करा, विटांवर नाही, जॅकवर तर नाहीच. शॉकअप सोडवण्याआधी त्या बाजूच्या उभ्या कड्याखाली दुसरा जॅक हवा, कारण पाट्याला लोंबण्यापासून शॉकअपच अडवतो आहे. तो सोडवला की एक्सल खाटकन खाली येतो, बोटं मधे असतील तर गेली. सगळा ताण जॅक हळूहळू उतरवून सोडवायचा. पाट्याच्या टोकाचा बोल्ट गंजलेला असतो, त्याला दोन दिवस आधीपासून डिझेल पाजत राहा.

आणि नागपूरजवळच्या वाडीला आलात तर माझं दुकान अमरावती रोडवरच आहे, जास्तीचा पाटा काढून बाकीचे थंडेच ठोकून मापात आणून देतो.

सुतळीबॉम्ब
सुतळी हा शब्द वापरायला मिळतोय म्हणून लिहितो. उंची बदलली की चाकांची दिशाही थोडी बदलते, ती विसरू नका. रेडियस आर्म चासीला जिथे बसतो तिथे पातळ पत्र्याचे तुकडे असतात, शिम. ते कमीजास्त करून मागच्या चाकाची दिशा बसवतात. गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे सुतळी ताणा, दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर, आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजा. मागचं चाक पुढून बाहेर तोंड करून असेल तर बाकी सगळं केलेलं वाया.

संत्राबाग
बरंच काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रॉस दोन्ही गेलेले होते. डाव्याचे रोलर सुया होऊन निघाले, ग्रीसच्या जागी लाल भुकटी. डाव्या बाजूच्या उभ्या कड्याचं खालचं बुश पूर्ण जाम होतं, त्यामुळे ते चाक खाली आलं की खालीच राहायचं. डाव्या-उजव्या मापातला दोन मिलिमीटरचा फरक बहुतेक याचाच.

वाडीला नेऊन परका पाटा काढला, बाकीचे थंडे ठोकून घेतले, नायलॉनची बटणं घातली. मूळ लांबीचे शॉकअप डोंबिवलीच्या भाऊंच्या ओळखीनं पुण्याहून आले. एवढ्यावर ओळंबा लावला तर वरून बाहेर सात मिलिमीटर, म्हणजे एक अंशाहून थोडं जास्त. वीसवरून सातवर, ब्लॉकशिवाय.

मग आरटीओत विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. पुलगावच्या ताईंकडून बारा मिलिमीटरचा ब्लॉक आणि स्टड करून घेतले. ताईंनी ठोकळ्याच्या चारही कोपऱ्यांची जाडी मायक्रोमीटरनं माझ्यासमोर मोजून दाखवली. आता टाकी भरून, पुढे दोघं बसून, दोरा खालच्या कडेला टेकतो आणि वर चार मिलिमीटर फट राहते. दोन्ही बाजूंना सारखी.

पद्मिनी_१९८२
आणि घाट?

संत्राबाग
धामणगाव गढीच्या बाजूनं चढलो, घटांगच्या बाजूनं उतरलो. पहाटे रहदारी नसताना वळणावर मुद्दाम हलका एक्सेलेटर सोडून पाहिला. मागचं अंग वर येतं अजूनही, पण थोडं येऊन थांबतं. सरकली नाही. मात्र गाडी पूर्वीपेक्षा पुढून जास्त सरळ जायला बघते, स्टिअरिंग थोडं जास्त वळवावं लागतं.

तोटाही झाला आहे. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, डांबरी रस्ता तिच्यावर लाटा मारत जातो. मागे तिघं बसले आणि अशा पट्ट्यावर साठनं गेलो की बम्प रबर आपटतं. पूर्वी आपटत नव्हतं. सायलेन्सरची पट्टी एक बोट वर घ्यावी लागली.

अमरावतीची_मास्तरीण
पुढून सरळ जायला बघते हे चांगलं लक्षण आहे, तेच हवं होतं. अशी गाडी हातात राहते. हवेकडे लक्ष ठेवा, मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा जास्तच, आणि मोजायची ती थंड टायरवर. बम्प रबराचा त्रास फार वाटला तर ब्लॉक आठ मिलिमीटरचा करून पाहा, अजूनही चाक उभंच राहील.

पण ब्लॉकनं स्विंग एक्सलचा स्वभाव जात नाही, त्याची सुरुवात लांबते एवढंच. वेग वळणाच्या आधी कमी करा, ब्रेक सरळ रस्त्यावर, आणि वळणात हलका का होईना एक्सेलेटर दाबलेला ठेवा. घाटात उतरताना गिअर खालचा, म्हणजे मधेच ब्रेकवर उडी मारायची वेळ येत नाही. घरात दुसरं कोणी ही गाडी चालवत असेल तर त्यांनाही हे सांगा.

संत्राबाग
मुलगा चालवतो. त्याला हा धागा वाचायला लावला आहे. ताई, अर्ध्या एक्सलचं विचारायचं राहिलं. क्रॉस बदलताना मिस्त्री म्हणाला, एक्सलही तपासून घ्या. दिसायला तर धडधाकट आहे.

लेथवाली_पुलगाव
मिस्त्री शहाणा आहे, त्याला धरून ठेवा. या गाडीत चाक त्या एक्सलच्याच भरवशावर आहे. अखंड एक्सलच्या काही गाड्यांत शाफ्ट तुटला तरी चाक घरावर टिकून राहतं. इथे शाफ्ट हबजवळ तुटला तर चाक सोबत घेऊन जातो. हब पुलरनं काढून घ्या, हातोड्यानं नाही. टेपर आणि चावीचा खाचा स्वच्छ पुसून बारीक चीर आहे का पाहा. उघड्या डोळ्यांना दिसत नाही, नागपूर किंवा बुटीबोरीला मॅग्नेटिक तपासणी करून घ्या. खाच्याच्या कोपऱ्यातून चीर निघालेली असेल तर त्या शाफ्टला वेल्डिंग करू नका, फेकून द्या.

मूळचा_वरुडचा
आणि गाडी उघडलेली आहे तोवर पुढचे ट्रनियनही पाहा, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खालचे आटेवाले सांधे. त्यांत ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं असतं, ९० नंबरचं. ग्रीस भरलं की आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं.

संत्राबाग
ग्रीसच भरलेलं आहे, आत्ताच बघून आलो. या आठवड्यात काढतो.

बीटल_६७
सगळा धागा वाचला. माझ्याकडे बीटल आहे, तिलाही मागे स्विंग एक्सल. हाच ब्लॉक चालेल का?

लेथवाली_पुलगाव
नाही दादा, बीटलला मागे पाटाच नाही, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे रॉड. तिथे उंची बदलायची तर बारचे दाते सरकवावे लागतात. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.